डावखुरा

"बोटं कुठं गेली रे तुझी?"

"घरी गेली, मॅडम. नागली कापताना," सुरगाण्याचा भिका एका दमात म्हणाला.

हे वाक्य पुंजारामनंच त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं. पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या अंबडच्या त्या कारखान्यात पुंजाराम तेवीस वर्षं क्लार्क. फाटकाजवळच्या फळ्यावर 'अपघाताविना दिवस' यापुढचा आकडा रोज एकानं वाढवायचा, हे त्याचं सकाळचं पहिलं काम. आज तिथं तीनशे चौसष्ट होतं. भिकाची दोन बोटं प्रेसखाली जाऊन पाच महिने झाले होते. फळ्याला त्याचा काही त्रास झाला नव्हता.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच मशीन खाली येतं. हात वाचावेत म्हणून केलेली सोय. पण तिच्यामुळं माल कमी निघतो, म्हणून एका बटणात लाकडी पाचर ठोकलेली असते. तपासणीच्या दिवशी मात्र अकराच्या अकरा पाचरी पुंजारामच्या ड्रॉवरमध्ये विश्रांती घेत.

तपासणीला आलेल्या मॅडम वयानं त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी भिकाचा हात उलटसुलट करून पाहिला.

"मी घोटीची आहे. भात कापलाय मी. विळा उजव्या हातात असतो, लागला तर डाव्याला लागतो. तुझी उजवी कशी गेली?"

भिकानं पुंजारामकडे पाहिलं. एवढं पाठांतरात नव्हतं.

"भाऊसाहेब, तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "इथंच गेली ना? तसं असेल तर याला पेन्शन मिळेल."

मागं मालक खोकले.

"हो…" पुंजारामच्या तोंडून निघालं. मग त्यानं तेच वाक्य वळवलं. "हो, डावखुराच आहे तो."

मॅडमनी जबाबाचा कागद पुढं सरकवला. भिकानं पेन डाव्या हातात धरलं आणि सही केली. सावकाश, पण नीट. पाच महिन्यांत शिकला होता. आता याहून मोठा पुरावा काय हवा? मॅडम बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिल्या आणि निघून गेल्या.

मालकांनी पुंजारामच्या पाठीवर थाप मारली. "वाचवलंत राव! उद्या फळ्याचं वर्ष पुरं होतंय. पेढे सांगून ठेवा."

पुंजारामनं ड्रॉवर उघडला आणि पाचरी वाटत तो एकेका मशीनपाशी गेला. नजर जमिनीकडे. शेवटचं मशीन भिकाचं. भिकानं सवयीनं उजवा हात पुढं केला, मग मागं घेतला.

"विसरलोच, भाऊसाहेब. डावखुरा हाय ना मी."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर पुंजारामला बरं वाटलं असतं.

भिकानं डावा हात पुढं केला. पुंजारामनं त्यावर पाचर ठेवली. पाचही बोटं तिच्यावर मिटली.