तिसरा हात

मी देवणीतल्या एका बैठकीच्या भिंतीवरचा फोटो बोलतोय. आठवण धरून ठेवणं हेच माझं काम, तरी माझ्या आठवणीचा मलाच भरवसा नाही. मला काढलं त्या सकाळी नागाबाई गोठ्यातून तशीच, शेणानं भरलेल्या लुगड्यात आली होती, असं मला वाटतं. निदान स्वतःची समजूत मी तशी घातली होती.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. अर्जुनरावांच्या बैलाला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं, म्हणून उदगीरहून शरणप्पा फोटोग्राफर आले. अर्जुनरावांनी एका हातात काठी धरली, दुसरा बैलाच्या वशिंडावर ठेवला. बैल उभाच राहीना.

"मालक, बैल तुमाला वळखत न्हाई वाटतं!"

"गप बसा, शरणप्पा. त्या नागाबाईला बोलवा."

नागाबाई त्यांच्या गोठ्यात राबायची. हा बैल वासरू असताना त्याची आई मेली, तेव्हा तिनंच हातानं दूध पाजून वाढवलेला. तिनं तोंडाजवळ कासरा धरला. "उगी रं राजा." बैल शांत झाला.

"हितंच थांबू का, मालक?"

"थांब. हलू नको."

चौकट करताना अर्जुनराव म्हणाले, "तेवढी कड कापून टाका." शरणप्पांनी कात्री चालवली. नागाबाई माझ्यातून गेली, कासऱ्यावरची तिची बोटं तेवढी राहिली.

पुढे अर्जुनराव पाहुण्यांना सांगायचे, "ह्यो बैल माझ्याबिगर कुणाला हात लावू द्यायचा न्हाई!" पाहुणे शिंगं बघत, वशिंड बघत. हात कुणी मोजले नाहीत. मला बोलता येत नव्हतं, हे खरं. पण त्या खोट्याचा पुरावा मीच होतो, आणि चांगल्या काचेत, ऐटीत बसलो होतो. अर्जुनराव गेल्यावरही मी तिथंच राहिलो.

दहा वर्षांपूर्वी नागाबाई वारली. तिची नात राजकन्या आली. अर्जुनरावांच्या सूनबाई, राजश्रीबाई, घरात होत्या.

"बाई, तेराव्याला ठिवायला आजीचा एकबी फोटू न्हाई. बैलाच्या फोटूत मी हाय, म्हणायची."

"अगं, ह्यात फक्त मामंजी आहेत."

राजकन्या माझ्याजवळ आली. काचेवर तिचा श्वास उमटला.

"ह्यो एक हात काठीवर. ह्यो एक वशिंडावर. मग ही बोटं कुणाची?"

राजकन्येनं मोबाइलवर त्या बोटांचाच फोटो काढून नेला. तेराव्याला हार त्यालाच घातला, असं नंतर कानावर आलं. लाजेनं मला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं.

यंदा चौकटीला वाळवी लागली. राजश्रीबाईंनी मागची फळी काढली. मी चौकटीत हलू नये म्हणून शरणप्पांनी माझ्या पाठीमागे घडी करून काहीतरी कोंबलं होतं. ती कापलेली कडच होती. इतकी वर्षं नागाबाई माझ्या पाठीशी होती.

राजश्रीबाईंनी चष्मा लावला, घडी उलगडली, बराच वेळ पाहिलं. मग राजकन्येला फोन लावला.

"ये गं. तुझी आजी सापडली."

तेव्हा मलाही ती दिसली. पदर डोक्यावर, नजर नीट समोर. लुगडं शेणानं भरलेलं नव्हतं. कोरं होतं, त्याच्या घडीच्या रेघासुद्धा अजून मोडल्या नव्हत्या.