पंधरावी दुरुस्ती

सुझुनाने निबंधाची स्वच्छ प्रत आणि लाल खुणांनी भरलेला जुना कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि हात मागे बांधून ती उभी राहिली.

तात्सुमीबाईंनी त्या निबंधात पंधरा दुरुस्त्या केल्या होत्या. त्या मुकाट्याने उतरवून आणायच्या, ही शाळेची रीत. सुझुनाने चौदा उतरवल्या होत्या. इंग्रजी निबंधस्पर्धेला शाळेतून एकच निबंध जाणार होता, तोही आज चारच्या टपालाने, आणि तो तिचा होता.

पहिल्या बाकावरून रिओ कुजबुजली,

"बाईंची लाल दुरुस्ती गाळतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

बाईंचं बोट ओळीओळीने सरकत एका जागी थांबलं.

"'पाण्यातून वर आल्यावर आजी शीळ घालते.' इथे 'मोठा श्वास घेते' असं लिहून दिलं होतं ना मी? विसरलीस?"

"नाही बाई."

"मग?"

"आजी शीळच घालते."

"दमलेलं माणूस शीळ कशाला घालेल गं? परीक्षक म्हणतील, पोरीला शब्दच येत नाही. एका ओळीपायी बक्षीस घालवणार आहेस?"

बाई नागोया शहरातल्या, एप्रिलात इथे समुद्रकाठी बदलून आलेल्या. 'चुकलं' म्हणून सुटता आलं असतं. आजवर सुझुना तशीच सुटत आली होती.

"शिंपले काढायला बुडी मारली की श्वास छातीत कोंडतो," ती म्हणाली. "वर येऊन एकदम सोडला तर चक्कर येते. म्हणून ओठ आवळून हळूहळू सोडायचा. त्याची शीळ वाजते. मी होडीत असते. शीळ वाजली, म्हणजे आजी वर आली. ती श्वास कधी घेते, ते मला होडीतून कसं कळणार, बाई?"

बाईंनी जुना कागद पुढे ओढला. आपल्याच लाल अक्षरांवर पट्टी धरून दोन आडव्या रेघा मारल्या. मग खणातून नावाचा शिक्का काढला आणि त्या रेघांवर नीट दाबला, कचेरीच्या कागदावर स्वतःची चूक कबूल करताना दाबतात तसा.

रिओचा आ वासलेलाच राहिला. सुझुनाला तर आनंदाने ओरडावंसं वाटलं.

"प्रत पाकिटात टाक," बाई म्हणाल्या. "आणि रविवारी होडीत जागा असेल का, आजीला विचार."

"विचारते. पण बाई, होडीत गप्प बसावं लागेल हं."