ट्रास्क आजोबांच्या नळाचा दिवा

मारिसेल किन्योनेसच्या दिव्याने त्या सकाळी तिचं नाक कापलं. टेबलावरचा नळ बंद, खालचा टब कोरडा, समोर परीक्षक बाई वही उघडून उभ्या, आणि पाणी वाहिलं तरच लागायचा तो लाल दिवा आपला लुकलुकतोय. एकदा नाही, चांगला सात-आठ वेळा. डॉ. प्रुइट नावाच्या त्या बाई स्वतः बहिऱ्या, पुलांच्या इंजिनिअर. पाणी कुठे आहे, असं त्यांनी हातांनी शांतपणे विचारलं. बाई म्हणाल्या, दोन वाजता पुन्हा येते, तोवर बघ काही सापडतं का. आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

रॉचेस्टरच्या एका कॉलेजचं ते सभागृह. सहावी ते आठवीच्या बहिऱ्या मुलांची विज्ञान आणि इंजिनिअरिंगची स्पर्धा, चाळीस टेबलं. बाकीची पोरं बक्षिसासाठी आली होती. मारिसेलला बक्षीस नको होतं असं नाही, पण तिचं घोडं वेगळ्याच जागी अडलं होतं. ऑर्विल ट्रास्क यांना त्यांच्याच घरात राहता यावं, एवढ्यासाठी तिने हा सगळा खटाटोप केला होता.

ट्रास्क म्हणजे वरच्या मजल्यावरचे आजोबा. वय एक्याऐंशी, जन्माचे बहिरे, छत्तीस वर्षं वर्तमानपत्राच्या छापखान्यात काढलेली. मारिसेल आणि तिची आई खाली राहायला येऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोच जानेवारीत आजोबांच्या स्वयंपाकघरातला नळ उघडा राहिला आणि पाणी छतातून थेट आईच्या भाताच्या पातेल्यात. आई तणतणत वर गेली, मारिसेल तिच्या मागे. दार उघडलं, तर आत हातांनी बोलणारा माणूस! शाळेतल्या दुभाषी बाई सोडल्या तर बारा वर्षांत मारिसेलला असं कुणी भेटलंच नव्हतं. आईचं भांडण राहिलं बाजूला, आणि पोरगी त्या दिवसापासून रोज वर जाऊन बसायला लागली.

फेब्रुवारीत पुन्हा तोच प्रकार झाला, तेव्हा आजोबांची मुलगी ग्वेन सिराक्यूजहून तडक आली. ग्वेनला ऐकू येतं, पण हात बापाइतकेच सफाईदार. तिने सांगून टाकलं की आता पुरे झालं, मेअखेर हे घर सोडायचं आणि माझ्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांची इमारत आहे, तिथे यायचं. त्या इमारतीत हातांनी बोलणारं एक माणूस नव्हतं. गुरुवारी पत्ते कुटायला येणारे आजोबांचे चार दोस्त तिथे थोडेच येणार होते. मारिसेल तर नाहीच नाही.

आता खरी दुखरी गोष्ट आजोबांनी मारिसेल सोडून कुणालाच सांगितली नव्हती. दोन्ही वेळा आजोबा भांडी घासत होते, आणि दोन्ही वेळा व्हिडिओ फोनचा, घंटीऐवजी लागणारा दिवा लागला होता. फोन ग्वेनचाच. हातांनी बोलायचं तर हात मोकळे हवेत ना? म्हाताऱ्याने फेस पुसला, फोनसमोर बसला आणि पाऊण तास लेकीशी गप्पा मारल्या. नळ डोक्यातून साफ गेला. मारिसेल म्हणाली, मग सांगा ना तिला. तर आजोबांनी डोळे वटारले.

"खबरदार सांगशील तर. तिला वाईट वाटेल, मग फोन करायला कचरेल. मला घरापेक्षा फोन प्यारा आहे."

हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने!

मग मारिसेलने हा दिवा केला. पाइपावर चिकटवायची नाण्याएवढी चकती. पाणी वाहिलं की पाइप थरथरतो, चकतीला ते कळतं, दिवा लुकलुकतो. घरी महिनाभर चोख चालला. ग्वेननेही एवढं कबूल केलं होतं की स्पर्धेला येईन, डोळ्यांनी बघेन, चालला तर घराचा पुन्हा विचार करू. आणि ऐन वेळी हे असं. मारिसेल रडायच्या बेतात आली होती. आजोबा शेजारच्या खुर्चीत बसून दिव्याकडे बघत होते.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या मुलाला आपल्या मैत्रिणीला बोलवायचं होतं. त्याने टेबलावर दाणकन थाप मारली, शिवाय पाय आपटला. मैत्रीण वळली. मारिसेलचा दिवा लागला.

मारिसेलने सगळ्या सभागृहावर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. जो तो टेबल बडवत होता, जमीन हादरवत होता. पाठमोऱ्या माणसाला दुसरं बोलवणार कसं? बहिऱ्यांच्या घरात ही साधी रीत. पण मारिसेल वाढली ऐकणाऱ्यांच्या घरात. तिथे पाय आपटला तर आई म्हणायची, माजलीस का गं? तिने जन्मात कधी टेबलावर थाप मारली नव्हती, आणि दिवा तपासला होता तोही त्याच शहाण्यासुरत्या घरात. हे यंत्र आजोबांकडे लावलं असतं, तर पहिल्याच गुरुवारी पत्तेवाल्यांनी त्याचं हसं केलं असतं.

आजोबांनी तिचा हात धरून पालथा टेबलावर ठेवला, मग नळ सोडून तोच हात पाइपावर ठेवला. छापखान्यातही हेच, म्हणाले. यंत्राची थरथर एकसारखी चालू, आणि कुणी बोलवायला पाय आपटला तर एक धक्का, की संपलं. माझ्या तळपायांना छत्तीस वर्षं दोन्ही वेगळी कळत होती.

मारिसेल डोळे मिटून उभी राहिली. टेबलाला धक्का बसे आणि विरून जाई. पाणी मात्र थांबतच नव्हतं. तिने लॅपटॉप ओढला. जेवायची सुट्टी झाली, पोरं पिझ्झावर तुटून पडली, ही जागची हलली नाही. आता थरथर सलग वीस सेकंद टिकली तरच दिवा लागावा, असं तिला करायचं होतं. मध्ये खंड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घरी भांडी घासताना उगाच लागू नये म्हणून वीस सेकंदांची पाच मिनिटं करता आली असती. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमल्यासारखं वाटलं, पण खात्री करायला वेळ कुठला.

दोनला दहा मिनिटं असताना ग्वेन आली. वाटेत घेतलेला पांढऱ्या सॉसेजचा पाव तिने दारातच संपवला होता आणि दहाही बोटं मोहरीच्या चटणीने माखलेली. या बोटांनी बोलता येईना, म्हणून तिने समोर दिसला तो नळ सोडला आणि हात धुवायला लागली. नळ मारिसेलचा होता.

आजोबांना धीर कसला. त्यांनी तिच्या खांद्यावर टिचकी मारली आणि सुरू केलं, की दिवा दुरुस्त झाला, मी काही सिराक्यूजला येत नाही. ग्वेन ओल्या हातांनीच गर्रकन वळली. दिवा चालो न चालो, तुझं वय झालंय, असं तिने सुनावलं. बाप म्हणाला, वय माझं झालंय, अक्कल तुझी गेलीय. झालं, दोघांचे हात असे सुटले की शेजारची पोरं टेबलं सोडून बघायला आली. ग्वेनच्या बोटांवरचं पाणी मारिसेलच्या तोंडावर उडत होतं.

नळ चालूच होता. त्या टेबल बडवण्याच्या गोंगाटात ग्वेनच्या धड कानांनाही तो ऐकू आला नसावा.

मारिसेलचा हात नळाकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. टब निम्मा भरला. डॉ. प्रुइट येऊन बाजूला उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांची नजरही नळावरच होती. कुणीतरी टेबल बडवलं, दिवा गप्प. कुणी पाय आपटला, तरी गप्प. मारिसेल मनात मोजत होती. सतरा, अठरा.

दिवा लागला. दोन्ही भांडणाऱ्यांच्या मधोमध, लालभडक.

ग्वेन थबकली. तिने आधी दिव्याकडे बघितलं, मग टबाकडे, मग स्वतःच्या हातांकडे. नळ बंद केला. तू मध्येच बोलायला लागलास म्हणून, असं काहीतरी ती सांगायला गेली आणि तिचे हात हवेतच राहिले.

"जानेवारीत मी फोन केला होता," ती हळूच म्हणाली. "तुझ्या मनगटाला फेस लागला होता. मी हसले होते."

आजोबा छताकडे बघायला लागले. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"फेब्रुवारीतही मीच?"

"तूच."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तू फोन करायची थांबली असतीस."

ग्वेनने तोंडावर हात घेतला. पन्नाशीची बाई, भरल्या सभागृहात लहान मुलीसारखी रडली, आणि म्हातारा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मारिसेललाही रडू फुटलं. सकाळपासूनचं साठलेलं होतं ते. डॉ. प्रुइट वहीत बराच वेळ लिहीत होत्या.

डोळे पुसून ग्वेनने मारिसेलला विचारलं, आजोबांच्या घरात असे किती दिवे लागतील? मारिसेल म्हणाली दोन, एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघरात.

"तीन कर," ग्वेन म्हणाली. "एक मी घेऊन जाते. फोनवर दोघं असतो गं आम्ही."

संध्याकाळी निकाल लागला. मारिसेलला तिसरं बक्षीस मिळालं. ती मंचावर चढली, सगळ्या सभागृहाने टाळ्यांऐवजी हात वर करून हलवले, आणि बघते तर आजोबांचं आणि ग्वेनचं इकडे लक्षच नाही. दोघं एकमेकांकडे तोंड करून बोलत सुटलेले, मेअखेर घर सोडायचा विषय ग्वेननेच सोडून दिलेला.

मारिसेलने एकवार आजूबाजूला बघितलं. मग तिने उजवा पाय उचलला आणि मंचाच्या लाकडी फळ्यांवर जोरात आपटला. आजोबांनी मान वळवली.