मयताची लुगडी

गाठोडं सोडलं आणि मी नाकाला पदर लावला. वर डांबराच्या गोळ्यांचा वास, त्याखाली माक्याच्या तेलाचा, आणि अगदी तळाला अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा. एका चोळीच्या काखेतले पिवळे डागसुद्धा कोणी धुतले नव्हते.

माझ्या नातसुनेने, रेणुकाने, वाडीतल्या बायकांसाठी गोधड्यांचं पहिलंच काम आणलं होतं. पूर्णगडच्या बाजूला श्रुतीताईंनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. तिथल्या खाटांवर गोधड्या हव्यात. कापड त्यांचं, शिवण आमची. टाके मी दाखवायचे.

"जुनं कापड मऊ असतं," श्रुतीताई आमच्या पडवीत बसून म्हणाल्या. "आमच्या सासूबाई गेल्या ना, त्यांची लुगडी आहेत. बाकीची शेजारच्या घरांतली, अशीच गेलेल्यांची. तुमच्यात चालतं ना?"

चहात साखर चालते का, असं विचारावं तसं विचारलं.

माझ्या लहानपणी चालत होतं. चालवून घेत होते. गावातल्या मयतावरचं कापड आमच्या लोकांनी उचलायचं, त्याला हक्क म्हणत. त्याचीच वाकळ शिवून आम्ही पोरं तिच्याखाली झोपायचो. पावसाळ्यात ती ओली झाली की घरात प्रेत असल्यासारखा वास यायचा. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी आईने ती काठीने ओढत नेली आणि शेतातल्या भाजावळीच्या आगीत घातली. हात लावला नाही. पुढे आमच्या घरात गोधडी झाली ती आमच्याच अंगावर विरलेल्या कपड्यांची.

"मी नाही शिवणार," मी म्हटलं.

शेजारची जनी सुईत दोरा ओवून बसली होती. "आज्ये, तुझा नाक तेवढा कडक! कपडा तो कपडा, धुवला की झाला."

हे काम मिळवायला रेणुकाने कितीतरी खेपा घातल्या होत्या. मग तिने श्रुतीताईंना विचारलं, "सासूबाईंची आठवण म्हणून यातली एक गोधडी तुमच्या घरी ठेवाल ना?"

"छे गं! अंगावर कोण घेणार? पाहुण्यांना काय कळतंय!"

रेणुकाने गाठोड्याची गाठ मारली. दोन बोटांनी उचलून त्यांच्या गाडीत नेऊन ठेवलं. "आमच्या घरच्या कापडाची चालत असेल तर सांगा."

"मी चांगल्या मनाने आणलं होतं," म्हणत श्रुतीताई गेल्या. नंतर त्यांचा फोन आला नाही.

"नाक वर करून बसा आता दोघी," जनी म्हणाली. आठवड्याने तिने तेच गाठोडं स्वतःच्या घरी मागवून घेतलं. आता तिच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर ती लुगडी वाळत असतात. साबणाने कितीही धुवो, वारा इकडे फिरला की मला भात गिळवत नाही. मी खिडकी लावते.

"आज्ये, चुकलं का गो आपलं?" रेणुका विचारते. जनीकडे शिवायला आता वाडीतल्या सगळ्या बायका जातात.

"नाही," मी म्हणते, आणि ताट बाजूला सारते.