औषध न देणाऱ्या बाई

"धर ते टोक, अन् सोडू नको," बाबा म्हणाले. मी बाजेची दोरी दोन्ही हातांनी धरली. त्यांनी पायाचा रेटा देऊन ती कसली.

"सुट्टीच्या दिवशी बी पोरीले कामाले लावते," मनकर्णाआत्या चुलीपाशी बसून ओरडली.

"तुह्याचसाठी कसून राहिलो. इतकी ढिली झाली, तू झोपली का कमर जमिनीले टेकते."

"माही कमर टेकते तं तुह्या पोटात काहून दुखते?"

बाबा हसले. दुपारी अंबाडीची भाजी त्यांनी मागून घेतली. मी अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवायची; संध्याकाळी त्यांनी मला तिकडच्या मोटारीत बसवून दिलं आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पुढच्या रविवारी येजो." त्या दिवसात शोधण्यासारखं काही नव्हतं. मी पुष्कळ शोधलं.

दुसऱ्या दिवशी बाबा वस्तीमागच्या विहिरीत सापडले.

"पाय घसरला," आत्यानं पंचांना सांगितलं. "पाण्याची सवय नव्हती माह्या भावाले." मी तिच्या शेजारी उभी होते. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते. सिग्नलचे दिवे पुसून, तेल घालून लावायचे. छप्पन साली दीक्षा घेऊन परतल्यावर वस्तीत सर्वांत आधी त्यांनी घरातले देव टोपलीत भरले आणि याच विहिरीत सोडले. तेव्हा काठावर उभं राहून गावातले लोक म्हणाले होते, "पाहून घे देवमन, हे तुले सोडणार नाईत." बाबांनी टोपली धुऊन घेतली आणि घरी आले. त्यांच्यामागून साऱ्या वस्तीनं आपापले देव आणले.

"लोक काय म्हणतीन, समजते ना तुले?" माती देऊन आल्यावर आत्या दार लावून मला म्हणाली. "देवाईनं बुद्धी फिरवून वढून नेला म्हणतीन. साऱ्या वस्तीची मान खाली जाईन. पाय घसरला, बस."

मला समजत होतं. म्हणून मीही तेच सांगत राहिले. शाळेत, शेजारी, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला.

पावसाळा सरता सरता मी वर्गात थांबू लागले. फळ्यावर वाक्य अर्धं लिहायचं आणि खडू तिथंच राहायचा. मुली शहाण्या; कुणी हसत नसे, आणि तेच जास्त लागायचं. पुस्तक उघडलं की एकच पान समोर राहायचं. अन्न घशाखाली उतरेना. शेवटी आमच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की बंगलोरला शिकून आलेल्या एक मानसशास्त्रज्ञ बाई दर शनिवारी अमरावतीतल्याच एका दवाखान्यात बसतात. "वेड्यांसाठीच असतं असं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

आत्या बरोबर आली. मिक्श्चरसाठी तिनं बाटली राखेनं घासून, बूच लावून पिशवीत घेतली होती. बाकावरच्या म्हातारीनं आम्हा दोघींकडे पाहून विचारलं, "येडं कोन आहे वं, तू का हे?"

"दोघी बी शहाण्या आहो," आत्या म्हणाली. "बाटली भराले आलो."

खोलीत दोन खुर्च्या आणि एक स्टूल होतं. तपासायचं टेबल नव्हतं, बाईंच्या गळ्यात नळी नव्हती. आत्यानं मला कोपरानं ढोसलं, "जीभ दाखव." मग नाव, वय, नोकरी, झोप, सगळं तिनंच सांगितलं. वडलांचंही सांगितलं.

"माझ्याकडे औषध नाही," बाई म्हणाल्या. "इथं बोलायचं. रडू आलं तर रडायचं, गप्प बसावंसं वाटलं तर गप्प. पाऊण तास. इथलं मी बाहेर कुणाला सांगत नाही. एका दिवसात बरं वाटणार नाही, कदाचित आधी जास्तच त्रास होईल. मग पुढच्या शनिवारी पुन्हा."

"नुसतं बोलाले?" आत्या म्हणाली. "ते तं आमच्या ओट्यावर रोज होते."

बाई हसल्या. "आता तुम्ही बाहेर बसा, मावशी."

आत्या उठली नाही. "तिले एकटीले काय सांगता येईन?"

"जे येईल ते."

मांडीवर काढून ठेवलेली बाटली पिशवीत घालायला तिनं फार वेळ लावला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जे झालं तेच सांगजो, पोरी," ती म्हणाली. रागावून नाही, विनवून. दार ओढलं गेलं, पण तिची पावलं दूर गेल्याचं ऐकू आलं नाही.

मला वाटलं होतं, बाई आता प्रश्न विचारतील. त्या नुसत्या बसून राहिल्या. मी भिंतीकडे पाहिलं, मग हातांकडे. बाबा गेल्यापासून माझ्यासमोर गप्प असं कुणी बसलं नव्हतं. प्रत्येकाला काही ना काही सांगायचं असे: सुटले, पुण्यवान होते, नशीब.

"वडलांबद्दल तुम्हीच सांगा," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "मावशींनी सांगितलं, ते मी ऐकलं."

मी तोंड उघडलं. नेहमीचे दोन शब्द जिभेवर तयार होते. शाळेत मी नेटकं बोलते. त्या दिवशी मात्र तोंडून घरची बोली आली, आणि दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"माह्या बाबाले पोहता येत होतं, बाई. मले त्यायनंच शिकवलं, त्याच विहिरीत. पाय नाई घसरला त्यायचा. देवानं बी नाई नेलं. माह्या बाबानं जीव देल्ला."