सॉफ्टवेअर बाप विचारत नाही

मस्कतच्या व्यापाऱ्याला आमच्या राईस मिलचा तांदूळ पाठवण्याआधी मी त्याचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीत तपासलं होतं. यादी फुकट, सगळ्यांना खुली. तिच्यातला माणूस त्याच्याच नावाचा, पण बाप वेगळा. तरी बँकेच्या विकतच्या सॉफ्टवेअरनं त्याच्यावर लाल खूण केली आणि आमचे पैसे अडले.

मी बँकेत जाऊन मॅनेजरवर भडकले. "अंकुशभाऊ, आमच्या आंधळगावात चार भोजराज आहेत. पोलीसही आधी बापाचं नाव विचारतेत!"

"पटते मले, दीपमालाताई. पण सॉफ्टवेअर बाप नाही विचारत."

"मंग तुमी विचारा ना!"

"मले अधिकार नाही." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "त्याच्याशी व्यवहार केला म्हणून आता तुमच्या मिलवरही लाल खूण येऊन राहिली."