बिंदू पिकेपर्यंत

मास्तरांना सगळ्यातलंच कळायचं. शिंपी म्हणून हात चांगला होताच, पण गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेता घेता ते त्याच्या गुडघेदुखीवर औषधही सांगून मोकळे व्हायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बायकोला डोळे तपासायला नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “काचबिंदू आहे. हे थेंब रोज घालायचे, आणि तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.” मास्तरांनी त्यातला ‘बिंदू’ तेवढा उचलला.

“दादाला झाला होता की,” घरी येताच त्यांनी निकाल दिला. “पिकू द्यायचा. पिकला की काढून टाकतात, माणूस लगेच पेपर वाचायला लागतो.”

दादाचा होता मोतीबिंदू. पण मास्तरांच्या लेखी बिंदू तो बिंदू.

थेंबांनी डोळे चुरचुरायचे. पहिली बाटली संपली, दुसरी मास्तरांनी आणलीच नाही. बायको दुकानात मागच्या टेबलावर रफू करायची आणि सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची. मग काळजी कसली करायची? हां, अलीकडे चौकटीला खांदा आपटायची, कडेला ठेवलेला कप सांडायची.

“डोळे आहेत की बटणं?” मास्तर म्हणायचे.

“तुम्हीच लावलीत ना? मग सैलच असणार,” ती हसून म्हणायची.

या सोमवारी तिने तापलेल्या इस्त्रीवर हात टेकला. इस्त्री डावीकडे, रोजच्याच जागी होती. तळहात चांगलाच भाजला. “मला दिसलीच नाही हो,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि मास्तरांनी दुकान बंद करून तिला त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं.

तरी दवाखान्यात शिरताना त्यांनी अक्कल पाजळलीच. “पिकला असेल ना आता, बाई? काढून टाका एकदाचा.”

“काय पिकला असेल?” डॉक्टरबाईंनी विचारलं. मग तपासणीचा कागद पुढे ठेवून त्या सावकाश बोलल्या. काचबिंदू पिकत नाही. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते आणि नजर कडांकडून जाऊ लागते. मधलं स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब चालू असते, तर बरीचशी वाचली असती.

“थेंब बंद कुणी केले?”

मास्तर तपासणीच्या कागदाची घडी घालू लागले.

“मीच कंटाळा केला,” बायको म्हणाली.

डॉक्टरबाई तिला रागावल्या. उरलेली नजर तरी राखायची असेल तर एकही दिवस चुकवू नका, म्हणाल्या. ती मान हलवत ऐकत होती. मास्तरांना वाटलं, भर बाजारात थोबाडीत खाल्ली असती तर परवडली असती.

बाहेर आल्यावर ते कसेबसे म्हणाले, “खरं का नाही सांगितलंस?”

“परक्यासमोर तुमची काय शोभा करायची?” तिने आपला हात त्यांच्या हातातून काढून घेतला. “पण माझ्या डोळ्यांचं यापुढे तुम्ही मला काही सांगू नका.”

ती पुढे चालू लागली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. तिने पूर्ण मान वळवून उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. तरी पाऊल टाकायचा धीर होईना. मास्तर मागेच उभे होते. हाक मारायची त्यांची छाती झाली नाही.

बऱ्याच वेळाने, त्यांच्याकडे न बघता, तिने हात मागे केला.